महाप्रसादाच्या रांगेत गाइड डॉग

प्रेषक: मिलिंद
विषय: रविवारी मी दारातूनच परत गेलो

नमस्कार मंडळी,

रविवारी मंडळाच्या गणपतीला आम्ही तिघं आलो होतो, बरोबर माझा गाइड डॉग, म्हणजे अंधाला चालताना मदत करायला शिकवलेला कुत्रा, होता. पण आत आलो नाही. चार जणांनी फोन करून कारण विचारलं, म्हणून एकदाच सगळ्यांना लिहितो.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. यात आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं. सांगलीत बारावीला असताना मी संध्याकाळी सायकलसकट गटारात पडायचो, तेव्हा घरचे म्हणायचे, याचं लक्ष नसतं. आता मधला एक बारीक झरोका उरलाय. भरपूर उजेड असेल तर समोरच्याचा चेहरा दिसतो. पण त्याच्या हातातलं ताट दिसत नाही, पायाशी बसलेलं मूल दिसत नाही. दृष्टीचा आवाका वीस अंश किंवा त्याहून कमी झाला की इथे अमेरिकेत कायद्याने अंध धरतात. माझा आठ उरलाय.

दारावरच्या मुलाला मी ओळखलं आणि नावाने हाक मारली. तिथेच घोटाळा झाला. तो म्हणाला, "दादा, तुम्हाला तर दिसतंय की, मग कुत्रा कशाला?" कुणी म्हणालं, नैवेद्य मांडलाय, इथे कुत्रा कसा चालेल. आणखी कुणी सर्टिफिकेट मागितलं. मागे रांग खोळंबली होती. मुलगी आरतीला झांजा वाजवणार होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, घरी जाऊ." परतीच्या वाटेवर गाडीत कुणीच बोललं नाही.

हा कुत्रा मॉरिसटाउनच्या सीइंग आय संस्थेतून आलाय. 1929 साली नॅशव्हिलला सुरू होऊन पुढे न्यू जर्सीत आलेली ही संस्था म्हणजे गाइड डॉग घडवणारी आज चालू असलेली जगातली सर्वांत जुनी शाळा. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की एखादं कुटुंब त्याला वर्षभर घरी वाढवतं, मग काही महिने प्रशिक्षक मॉरिसटाउनच्या रस्त्यांवर तयार करतात. पहिल्या कुत्र्यासाठी माझ्याकडून 150 डॉलर घेतले, बाकी सगळं देणग्यांवर चालतं. तीन-साडेतीन आठवडे मी तिथे राहिलो. सुरुवातीला कुत्रा देतच नाहीत. प्रशिक्षकच हार्नेस (कुत्र्याच्या अंगावरचा दांड्याचा पट्टा) हातात धरून कुत्रा होतो आणि आपण त्याच्या मागे चालायचं. त्याला 'जूनो वॉक' म्हणतात.

कुत्रा मला रस्ता दाखवतो असं बऱ्याच जणांना वाटतं. रस्ता मलाच माहीत असावा लागतो. डावीकडे, उजवीकडे, सरळ हे मीच सांगतो. लाल-हिरवा दिवा त्याला कळत नाही, गाड्यांचा आवाज ऐकून मीच ठरवतो. त्याचं काम वाटेतला अडथळा टाळून मला नेणं, पायरीपाशी थांबणं. आणि मी "चल" म्हटलं तरी गाडी येत असेल तर हुकूम न मानणं. हे शेवटचं शिकवायला सगळ्यात अवघड. मे महिन्यात एक इलेक्ट्रिक गाडी अजिबात आवाज न करता वळणावरून आली. मी पाऊल उचललं होतं. तो जागचा हलला नाही.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. नाव कळलं की मुलं हाक मारतात, आणि हाक मारली की तो मान वळवतो.

मिलिंद

---

प्रेषक: समीर

मिलिंददादा, दारावर मीच होतो. तुम्हाला परत पाठवून मी चूक केली. रविवारपासून झोप लागलेली नाही.

सबब म्हणून नाही, पण का झालं ते सांगतो. गेल्या वर्षी दिवाळीला एक छोटा कुत्रा आला होता. अंगावर लाल जॅकेट, त्यावर 'सर्व्हिस डॉग', म्हणजे अपंगांच्या मदतीचा कुत्रा, असं लिहिलेलं. तो फराळाच्या टेबलाखाली शिरला, एका चार वर्षांच्या मुलावर गुरगुरला आणि मुलाने चिवड्याचं ताट टाकलं. नंतर पालकांनी मला खूप ऐकवलं. तेव्हा मी ठरवलं होतं की पुढच्या वेळी जॅकेटला फसायचं नाही. तुमच्या कुत्र्याच्या अंगावर जॅकेटही नव्हतं, नुसता दांडा लावलेला पट्टा होता. तो हार्नेस असतो हे मला आज कळलं. तुम्ही माझ्याशी बोलत होतात तेवढा वेळ तो तुमच्या पायाला टेकून उभा होता, एकदाही हलला नाही, हेही आता आठवतंय.

शनिवारी घरी येऊ का? तुमच्या लेकीशीही बोलायचंय.

---

प्रेषक: उषा

समीर, तो लाल जॅकेटवाला माझा. तू नाव घेतलं नाहीस, पण लिस्टवर निम्म्या लोकांना माहीत आहे, म्हणून मीच लिहिते.

हे गेल्यावर मी चार महिने दिवाणखान्यातच झोपत होते. बेडरूममध्ये जाववत नव्हतं. थेरपिस्टने विचारलं, घरी कुणी सोबतीला आहे का. मुलगा सिअॅटलला. मग हे पिल्लू आणलं. आमच्या बिल्डिंगमध्ये प्राणी ठेवायला मनाई, पण थेरपिस्टच्या पत्रावर परवानगी मिळाली. घराच्या बाबतीत फेअर हाउसिंगचा कायदा इमोशनल सपोर्ट, म्हणजे मनाला आधार म्हणून ठेवलेल्या, प्राण्यालाही धरतो, आणि त्याची वेगळी पेट फी लावता येत नाही. इथपर्यंत सगळं खरं आहे, आणि त्याची मला लाज नाही. सकाळी सहाला तो पलंगावर पाय आपटतो म्हणून मी उठते.

पुढचं चुकलं. एका वेबसाइटने ओळखपत्र, जॅकेट आणि 'नॅशनल रजिस्ट्रेशन' असं मिळून 79 डॉलर घेतले आणि लिहिलं की आता कुठेही न्या. मी विश्वास ठेवला. असं कुठलं सरकारी रजिस्टरच नाही हे मला मिलिंदचं पत्र वाचल्यावर सुनेने शोधून सांगितलं. माझ्या कुत्र्याला कसलंच शिक्षण नाही. त्या गर्दीत तोही घाबरला होता बिचारा. त्या छोट्याच्या आईची मी माफी मागते. आणि मिलिंद, तुला दारात थांबवलं त्यात माझा वाटा आहे. जॅकेट काल टाकून दिलं.

उषाकाकू

---

प्रेषक: प्रशांत

देवासमोर कुत्रा नको म्हणणाऱ्यांनी दत्ताची तसबीर पाहावी. पायाशी चार कुत्री आहेत, आपण त्यांना वेद मानतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, "कोरडी खाऊ नको" म्हणत. आणि आपण गणपतीच्या दारातून कुत्रा परत पाठवतो?

---

प्रेषक: मिलिंद

प्रशांत, तू माझ्या बाजूने बोललास, मनापासून आभार. पण मला हा मुद्दा नको आहे. दत्त आणि नामदेव यांच्या आधारावर कुत्र्याला आत घेतलं तर उद्या कुणी दुसरी पोथी काढून त्याला बाहेर घालवेल. तो भक्त म्हणून येत नाही. माझी पांढरी काठी दाराबाहेर ठेवा असं कुणी म्हणालं नसतं, हा तिच्याच जागी आहे. नैवेद्याच्या टेबलापासून मी त्याला दहा फूट लांब बसवीन, मलाही सोवळं कळतं. माझी आजी देवघरात मांजरालाही येऊ देत नसे.

काकू, तुमचं पत्र बायकोने मला दोनदा वाचून दाखवलं. तुम्ही माफी मागावी असं मला वाटत नाही. तुमच्या एकटेपणावर ज्यांनी 79 डॉलर कमावले त्यांच्यावर माझा राग आहे. 2018 मध्ये नेवार्क विमानतळावर एक बाई इमोशनल सपोर्ट म्हणून मोर घेऊन आल्या होत्या, आठवतं? त्यानंतर महिनाभर ऑफिसात मला प्रत्येक जण हसत मोराबद्दल विचारत होता. तेव्हा माझ्या हातात काठी होती आणि कुत्र्यासाठी अर्ज करू की नको हे ठरत नव्हतं. त्या हसण्यामुळे मी अर्ज दोन वर्षं लांबवला. त्या दोन वर्षांत स्टेशनवर दोनदा पडलो.

---

प्रेषक: वैशाली (सासूबाईंच्या वतीने)

आई सांगतायत, मी टाइप करतेय.

"मिलिंद, बाळा, तुला परत जावं लागलं ते ऐकून वाईट वाटलं. पण माझंही ऐक. मी नऊ वर्षांची असताना कराडला पिसाळलेलं कुत्रं चावलं. पोटात चौदा इंजेक्शनं घेतली, रोज एक. वडील खांद्यावर घेऊन दवाखान्यात न्यायचे. माझ्याबरोबर चावलेला शेजारचा मुलगा इंजेक्शनाला घाबरून लपून बसला, तो वाचला नाही. पाणी बघून किंचाळायचा. आता मी एक्क्याऐंशीची आहे आणि कुत्रा दिसला की अजून पोटात दुखतं. तुझा कुत्रा गुणी असेल. माझ्या पोटाला ते कळत नाही. मला हसू नका."

माझ्याकडून एवढंच: जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी 36 टक्के भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडची मोठी माणसं कुत्र्याला पाहून मागे सरतात तेव्हा इथे जन्मलेली मुलं डोळे फिरवतात. त्यांना ही गोष्ट सांगा.

---

प्रेषक: सचिव

मंडळी,

रविवारी जे झालं त्याबद्दल कार्यकारिणीच्या वतीने मिलिंद आणि कुटुंबाची क्षमा मागतो. काल रात्री बैठक झाली. ठरलं ते असं.

कायदा आम्हाला आधीच माहीत असायला हवा होता. अमेरिकन्स विथ डिसअॅबिलिटीज अॅक्ट, म्हणजे अपंगांच्या हक्कांचा कायदा, 1990 चा. 15 मार्च 2011 पासून लागू असलेल्या नियमांनुसार, अपंग व्यक्तीसाठी नेमकं काम करायला शिकवलेला कुत्रा म्हणजे सर्व्हिस अॅनिमल. नुसती सोबत, नुसता धीर या व्याख्येत बसत नाही. विमानातही 11 जानेवारी 2021 पासून इमोशनल सपोर्ट प्राण्याला सर्व्हिस अॅनिमल मानण्याचं बंधन कंपन्यांवर राहिलेलं नाही.

काम उघड दिसत असेल, जसं मिलिंदचं, तर दारावर काहीही विचारायचं नाही. शंका असेल तर दोनच प्रश्न: हा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे. आजार कोणता, कागद कुठे आहे, करून दाखव, यातलं काही विचारायची परवानगी नाही. जॅकेट असलंच पाहिजे असं नाही. मात्र कुत्रा आवरत नसेल आणि मालकही त्याला आवरत नसेल, किंवा त्याने आत घाण केली, तर कुत्र्याला बाहेर न्यायला सांगता येतं, सर्व्हिस डॉग असला तरी. माणसाला आत राहू द्यायचं. समीर, गेल्या दिवाळीला तू एवढं केलं असतंस तरी पुरे होतं, पण तुला कुणी सांगितलंच नव्हतं. ती चूक आमची.

अन्न आहे म्हणून, कुणी घाबरतं म्हणून किंवा अॅलर्जी आहे म्हणून दारात अडवता येत नाही. घाबरणाऱ्याची आणि अॅलर्जीवाल्याची सोय लांबची जागा देऊन करायची. एकाने विचारलं की आपण मंदिराचा हॉल घेतला तर हा कायदा टळेल का. धार्मिक संस्थेला स्वतःला त्यातून सूट आहे, पण भाडं देऊन हॉल घेणाऱ्या आपल्यासारख्यांना ती मिळत नाही. खाजगी क्लबचीही सूट असते, पण आपण दारात कुणालाही तिकीट विकतो, तेव्हा त्या आडोशाला जायला मला धजवत नाही. आणि खरं सांगायचं तर, जायचंही नाही.

आजींसाठी दिवाळीला स्टेजच्या उजवीकडची पहिली रांग राखून ठेवतो. मिलिंदचं टेबल डावीकडे मागच्या दाराजवळ. दोघांच्या मध्ये अख्खं सभागृह राहील. आजींना जेवण जागेवर आणून देऊ. दारावरच्या स्वयंसेवकांना आठवडाभर आधी अर्धा तास बसवून हे समजावून देऊ. मिलिंद, त्या अर्ध्या तासात तू बोलशील का?

---

प्रेषक: मिलिंद

बोलेन.

आजी, तुम्हाला हसणं माझ्याकडून व्हायचं नाही. मी आत येण्याआधी वैशालीला फोन करीन, म्हणजे तुम्ही अचानक दचकणार नाही. जाताना मी आधी निघेन.

समीर, शनिवारी ये. लेक विचारत होती की दिवाळीला झांजा वाजवता येतील का.

सचिवसाहेब, जागा उत्तम. फक्त दोन गोष्टी. दारात मधोमध मोठी रांगोळी नको, एका बाजूला काढा. जमिनीवरचा रंग कुत्र्याच्या लेखी अडथळा नाही, तो सरळ त्यावरून नेईल, आणि मला खालचं दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी काठीने मी कुणाची तरी मोराची रांगोळी पुसली होती, ती मुलगी रडली होती. आणि पणत्या जमिनीवर न ठेवता टेबलावर, जरा आत सरकवून ठेवा. लॅब्रॅडॉरची शेपटी बरोबर टेबलाच्या कडेपर्यंत पोचते.