मदत हवी आहे: नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्या लेखकांचे अभिवाचन

मंडळी, नोव्हेंबरात जन्मलेल्या लेखकांवर दीड तासाचं अभिवाचन बसवतो आहोत. यादी तगडी आहे, घोळ तारखांचा आहे.

८ तारखेला पु. ल. देशपांडे (१९१९) आणि ‘ड्रॅक्युला’वाला ब्रॅम स्टोकर (१८४७), दोघेही. ही जोडी तर हवीच! १६ ला पोर्तुगीज कादंबरीकार सारामागो (१९२२) आणि नायजेरियन कादंबरीकार अचेबे (१९३०). ३० ला मात्र गर्दी: स्विफ्ट (१६६७), मार्क ट्वेन (१८३५), कॅनडाची लेखिका मॉन्टगोमेरी (१८७४). तारीखवार क्रम लावला तर शेवट जड होतो. त्यापेक्षा सूर बघून लावावं का, म्हणजे स्विफ्ट-ट्वेनचा उपरोध पुलंशेजारी?

दस्तयेव्स्कीचं काय करायचं? जुन्या रशियन पंचांगानुसार जन्म ३० ऑक्टोबर १८२१, आजच्या पंचांगानुसार ११ नोव्हेंबर. एकोणिसाव्या शतकात हा फरक १२ दिवसांचा होता. माझं मत आजची तारीख धरावी असं. पण मग टॉलस्टॉयही ऑगस्टातून सप्टेंबरात जातो, म्हणजे नियम वर्षभर एकच ठेवावा लागेल. तुम्ही काय करता?

उतारे प्रत्येकी चार मिनिटांचे, म्हणजे साधारण ४०० शब्द. कादंबरीतला तुकडा संदर्भाशिवाय लटकतो, म्हणून आधी दोन वाक्यांची ओळख. संवाद जास्त असलेले उतारे एकट्या वाचकाला जड जातात, पात्रं ऐकणाऱ्याला वेगळी कळत नाहीत. तिथे दोन वाचक पुरतील?

आणखी एक. मूळ लेखन हक्कमुक्त असलं तरी अनुवादावर अनुवादकाचा हक्क असू शकतो. जाहीर वाचनासाठी परवानगी प्रकाशकाकडे मागायची की थेट अनुवादकाकडे? अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावं.