मदत हवी आहे: ट्रेकसाठी हलकं भांडं, टायटॅनियम की ॲल्युमिनियम?

पायवाट
शुक्रवारी निघायचंय आणि भांडं अजून ठरत नाहीये. सॅकमधलं बाकी सगळं हलकं करून झालं, स्वयंपाकाचं भांडं तेवढं राहिलंय. घरातलं स्टीलचं पातेलं नेणार नाही, ते फार जड आहे. टायटॅनियमचं ७५० मिलीचं घेऊ की ॲल्युमिनियमचं थोडं मोठं? रिव्ह्यू वाचून वाचून डोकं भणभणलंय, दर दुसरा माणूस उलटं सांगतोय. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनीच लिहा. आजच ऑर्डर टाकायची आहे.

सॅकवाला
टायटॅनियम. डोळे झाकून घ्या. ७५० मिलीचं भांडं सव्वाशे ग्रॅमच्या आसपास येतं, आत ११० ग्रॅमवाला छोटा गॅस कॅनिस्टर (स्टोव्हला लावायची गॅसची डबी) बसतो, वर स्टोव्ह आणि लायटर. सगळं स्वयंपाकघर एका भांड्यात. गंजत नाही, सहजासहजी पोचे पडत नाहीत. मी वर्षानुवर्षं एकच वापरतोय.

मंदआच
पायवाट, किती जण आहात? स्टोव्ह कुठला? नुसतं पाणी उकळून पाकिटात ओतणार की भांड्यात शिजवणार? एवढं कळल्याशिवाय काहीही सांगितलं तरी ते अंदाजपंचेच होईल.

पायवाट
माझा प्रश्न धातूचा आहे, त्यात माणसांचा काय संबंध? दोघं आहोत. आणि शिजवणार अर्थातच. भात, सूप, सकाळी ओट्स.

मंदआच
संबंध आहे म्हणूनच विचारलं. दोघांसाठी २०० ग्रॅम तांदूळ घेतलेत तर पाणी निदान ४०० मिली लागणार. हे ७५० मिलीच्या भांड्यात काठोकाठ जातं, वर फेस येतो तो वेगळाच. झाकण ठेवलंत की उतू गेलंच. दोघांना १.३ लिटरच्या खाली जाऊ नका.

आता धातू. ॲल्युमिनियममधून उष्णता टायटॅनियमच्या जवळपास दहापट वेगाने पसरते. टायटॅनियमचं भांडं हलकं असतं ते त्याचा पत्रा अगदी पातळ ठेवता येतो म्हणून. घनतेने टायटॅनियम ॲल्युमिनियमहून जडच, घनसेंटिमीटरला ४.५ ग्रॅम विरुद्ध २.७. आणि पत्रा पातळ असला की बूड फक्त ज्योतीच्या वर तापतं. भात केलात तर बर्नरएवढं एक काळं वर्तुळ बुडाला लागलेलं असतं आणि कडेचे दाणे टणक. ते वर्तुळ थंड पाण्यात बोटांनी खरवडत बसणं मी पुरेसं केलंय. शिजवायचं असेल तर हार्ड ॲनोडाइज्ड (पृष्ठभागावर कडक थर चढवलेलं) ॲल्युमिनियम.

सॅकवाला
असहमत. आच कमी ठेवा, ढवळत राहा, काही लागत नाही. मी टायटॅनियममध्ये सूप करतो, नूडल्स करतो. वजनाचा फरक रोज दिवसभर पाठीवर असतो, भात फक्त रात्री असतो.

मंदआच
सूप आणि नूडल्समध्ये भरपूर पाणी असतं, ते ढवळताही येतं. भात ढवळत बसलात तर त्याचा लगदा होतो. आणि १.३ लिटरच्या दोन भांड्यांत फरक किती, तर साधारण ५० ते ८० ग्रॅम. दोघांत वाटला तर नगण्य.

रानभूल
उंची किती आहे हे कुणीच विचारलं नाही. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो. ३५०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, मग धातू कुठलाही असो, भात शिजायला बराच जास्त वेळ लागतो. माझा सल्ला सरळ आहे: दीड लिटरचा छोटा प्रेशर कुकर. इंधन वाचतं, वेळ वाचतो, अन्न नीट शिजतं.

सॅकवाला
कुकर किलोच्या घरात जातो. धाग्याचं शीर्षक ‘हलकं भांडं’ आहे.

रानभूल
वाचलेलं इंधन वजनातून वजा करा ना. चार-पाच जणांच्या गटात आणि उंचावर आम्ही कुकरच नेतो, आजवर कुणाची तक्रार नाही.

निवांत
एक महत्त्वाचं राहतंय. विमानाने जाणार असाल तर गॅस कॅनिस्टर नेता येत नाही, हातातल्या सामानातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तिथे पोचल्यावरच घ्यावा लागतो. वापरलेला स्टोव्हसुद्धा इंधनाचा वास राहणार नाही इतका स्वच्छ हवा, आणि विमान कंपनीचा नियम आधी वाचून घ्या.

पायवाट
विमान नाही हो. उंची जास्तीत जास्त १५०० मीटर. आणि गॅस कॅनिस्टरचं सगळे का बोलताय? माझ्याकडे स्पिरिटचा स्टोव्ह आहे, तो छोटा बर्नरवाला.

मंदआच
हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, सगळा हिशोबच बदलतो! स्पिरिटची ज्योत पसरट असते. ७५० मिलीचं भांडं अरुंद आणि उंच, त्याच्या बुडाखालून ज्योत बाहेर पडून भिंतींवर चढते. अर्धी उष्णता हवेत आणि हँडल हात लावू देणार नाही इतकं तापलेलं. उजेडात स्पिरिटची ज्योत नीट दिसतही नाही, त्यामुळे हात भाजतो तो असाच. तुम्हाला बसकं, रुंद भांडं हवं. १.३ लिटरचं, १४ सेंटिमीटर व्यासाचं घ्या, बहुतेक ज्योत बुडाखालीच राहील.

शिवाय वजनाच्या मानाने स्पिरिटमध्ये गॅसच्या निम्म्याहून थोडीच जास्त ऊर्जा असते. अर्धा लिटर पाण्याला २० ते ३० मिली लागतं हे धरून चाला. चुकीच्या आकाराचं भांडं घेतलंत तर भांड्यात वाचवलेलं वजन इंधनाच्या बाटलीतून परत पाठीवर येतं.

सॅकवाला
स्पिरिट असेल तर रुंद भांडं, मान्य. पण रुंद टायटॅनियमही मिळतं. आणि भाताला मंद आच मिळवायची कशी? बहुतेक स्पिरिट बर्नरना आच कमी-जास्त करायची सोयच नसते.

मंदआच
म्हणूनच भात पूर्ण वेळ आचेवर ठेवायचा नाही. तांदूळ अर्धा तास भिजवा, झाकण लावून उकळी आणा, चार-पाच मिनिटं उकळू द्या आणि मग भांडं उतरवून फोमच्या कव्हरमध्ये पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवा. आतल्या उष्णतेवर दाणा पूर्ण फुलतो. जुन्या स्लीपिंग मॅटचा तुकडा कापून ते कव्हर घरीच करता येतं.

चांदणी
मी दुहेरी भिंतीचा टायटॅनियम मग सुचवेन. चहा बराच वेळ गरम राहतो, ओठही भाजत नाहीत.

रानभूल
चांदणी, पिण्यासाठी ठीक. पण पायवाट, तो मग चुकूनही स्टोव्हवर ठेवू नका. दोन भिंतींमधली कोंडलेली हवा तापून प्रसरण पावते आणि तो फुटू शकतो.

पायवाट
तो मग नकोच मला. हार्ड ॲनोडाइज्ड, १.३ लिटर, रुंद, हे ठरलं. आता एकच. एकात घडीची हँडलं आहेत सिलिकॉनच्या आवरणाची, दुसऱ्याला हँडलच नाही, वेगळी पकड येते. कुठलं?

मंदआच
स्पिरिट असेल तर वेगळी पकड. ज्योत कडेने वर आली की सिलिकॉन जळतं, आणि पकड तर आचेपासून लांबच असते. फक्त भात भरलेलं भांडं उचलायच्या आधी घरी एकदा पाणी भरून पकड घसरत नाही ना ते बघा. झाकण भांड्याबरोबर येत नसेल तर जाड ॲल्युमिनियम फॉइलची दुहेरी घडी चालते. वारा अडवायला पत्रा आहे का?

पायवाट
पत्रा नाहीये. तोही घेतो. ऑर्डर टाकली, गुरुवारी येतंय.

सॅकवाला
पत्रा भांड्यापासून बोटभर लांब उभा करा आणि खालून हवा जाऊ द्या, नाहीतर स्पिरिट नीट जळत नाही. आणि हे सगळं तंबूच्या बाहेर. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो.