मदत हवी आहे: ‘वेन्सडे’चा दुसरा सीझन भाचीसोबत बघावा का?

२०२२ साली आलेला ‘वेन्सडे’ या नेटफ्लिक्सवरच्या रहस्यमालिकेचा पहिला सीझन मी आणि माझ्या तेरा वर्षांच्या भाचीने मिळून पाहिला. आठही भाग तिला तोंडपाठ आहेत. रहस्यापेक्षा ती नायिका वेन्सडे आणि तिची रूममेट इनिड यांच्या मैत्रीत जास्त गुंतली. त्या दोघींच्या खोलीतली ती गोल खिडकी आठवते ना? अर्धी रंगीबेरंगी आणि वेन्सडेच्या बाजूची अर्धी रंग खरवडून काढलेली! आणि शेवटच्या भागात इनिड मिठी मारते तेव्हा वेन्सडे आधी ताठ उभी राहते, मग हळूच हात वर करते. तिथे भाची ढसाढसा रडली.

आता २०२५चा दुसरा सीझन बघायचा हट्ट चालू आहे. पण ओळखीतल्या लोकांची मतं ऐकून डोकं चक्रावलंय. कुणी म्हणतं, प्रेमाचा त्रिकोण गेला ते फार बरं झालं. कुणी म्हणतं, पात्रं वाढली आणि रहस्य पातळ झालं. रक्तपात वाढलाय असंही ऐकलं. वेन्सडेचं काम करणाऱ्या जेना ऑर्टेगाने तर आधीच सांगितलं होतं की या वेळी भीती जास्त असेल.

ज्यांनी मुलांसोबत पाहिलाय त्यांनी कृपया सांगा: कोणते भाग मी आधी एकटीने बघून घ्यावेत? मैत्रीला पुरेशी जागा आहे का? माझ्या मते मालिकेचा जीव तिथेच आहे. रहस्य मात्र फोडू नका, प्लीज!