सोसायटी ऑफिसच्या कॉम्प्युटरचं ॲडमिन खातं कुणाकडे असावं?

सचिव: नमस्कार. सोमवारपासून ऑफिसात नवीन क्लार्क येतेय. चतुर्थीच्या आधी देखभालीची बिलं निघायला हवीत. तिला ॲडमिन लॉगिनच देऊ का? दर वेळी पासवर्ड विचारायला नको.

बी-२०४: नको, सर. ॲडमिन खात्यावर, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळं बदलायचे हक्क असलेल्या खात्यावर, परवानगीची खिडकी येते तेव्हा फक्त 'येस' दाबायचं असतं, आणि सवयीने ते दाबलं जातंच. बिलाची पीडीएफ समजून भलतीच फाइल उघडली, तर ती फाइल अँटिव्हायरस बंद करेल, टाइप केलेले पासवर्ड चोरेल, नाहीतर स्वतःसाठी आणखी एक ॲडमिन खातं उघडेल. स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित हक्कांच्या खात्यावर तिथेच ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो.

ए-१०२: म्हणजे मग व्हायरसची भीती नाही?

बी-२०४: आहे, ताई. क्लार्कला ज्या फाइल्स बदलता येतात, त्या रॅन्समवेअर (फाइल्स अडवून खंडणी मागणारा व्हायरस) स्टँडर्ड खात्यावरूनही कुलूपबंद करतं. ॲडमिन हक्क मिळाले तर विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रतीही पुसून टाकतं. म्हणून दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या आणि लगेच वायर काढा. जोडलेली राहिली तर तीही जाईल.

सी-३०१: क्रम चुकवू नका. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथे नवीन खातं उघडून त्याला 'ॲडमिनिस्ट्रेटर' करा. त्यातून एकदा लॉगिन करून पासवर्ड चालतोय हे पाहा. मगच क्लार्कसाठी स्टँडर्ड खातं उघडा.

सचिव: बिलिंगचं सॉफ्टवेअर फार जुनं आहे. चालेल ना?

सी-३०१: इथेच खरी गोची आहे. जुनी ३२-बिट सॉफ्टवेअरं आपला डेटा प्रोग्राम फाइल्समध्येच लिहितात. स्टँडर्ड खात्याला तिथे लिहायची मुभा नसते, पण विंडोज एरर न दाखवता ती नोंद गुपचूप त्या युजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात वळवू शकतं. क्लार्कला पावत्या दिसतात. खजिनदारांनी आपल्या खात्यातून उघडलं की जुनेच आकडे! डेटा गेला असं वाटून लोक पुन्हा नोंदी करतात आणि हिशेब दुप्पट होतो. आधी प्रत घ्या, मग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून डेटाचं फोल्डर डी ड्राइव्हवर हलवा आणि फक्त त्या फोल्डरवर 'युजर्स'ना 'मॉडिफाय' (फाइल्स बदलायची परवानगी) द्या. सॉफ्टवेअरच्या मूळ फोल्डरवर देऊ नका, तिथली फाइल कुणी बदलली तर पुढे ॲडमिनच्या हातून तीच चालेल.

ए-१०२: वीज खात्याच्या नावाने फोन येतात, 'बिल भरलं नाही, ॲप टाका' म्हणतात, ते थांबतील?

बी-२०४: नाही. स्क्रीन दाखवणारी काही ॲप्स इन्स्टॉल न करताही चालतात. सोसायटीचं नेटबँकिंग उघडं असेल तर पलीकडच्याला सगळं दिसतं. असं झालंच तर आधी इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

सचिव: आणि ॲडमिन पासवर्ड?

बी-२०४: कागदावर लिहून, बंद पाकिटात, तुमच्या कपाटात. मॉनिटरला चिकटवायचा नाही, क्लार्कला व्हॉट्सॲपवर पाठवायचाही नाही. काही इन्स्टॉल करायचं असेल तर मी किंवा सी-३०१ खाली येऊन स्वतः टाइप करू.