शब्दचर्चा: संघ 'खाली जातो', 'घसरतो' की त्याची 'पदावनती' होते?

काठावरचा निळा

मी एव्हर्टन या इंग्लिश फुटबॉल संघाचा समर्थक. आमच्या मंडळींसाठी दर आठवड्याला सामन्यांवर मराठीत चार ओळी लिहितो आणि दर वेळी एकाच जागी अडतो. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत, २० संघ असतात आणि मोसम संपला की तळाचे ३ संघ खालच्या श्रेणीत जातात. बोलताना आपण सगळेच 'रेलिगेट होणार', 'रेलिगेशन' म्हणतो. लिहायला बसलं की वर्तमानपत्री शब्द समोर येतात: पदावनती, गच्छंती, हकालपट्टी, घसरण, अवनती. यातला एकही मला पूर्ण पटत नाही, आणि का पटत नाही तेही धड सांगता येत नाही.

दुसरी शंका 'फॉर्म'ची. संघ सलग पाच-सहा सामने हरतो तेव्हा 'संघाचा सूर हरवला' लिहावं का? माझ्या कानाला 'सूर' फलंदाजाचा वाटतो, अकरा जणांचा नाही.

जाणकारांनी सांगावं. शेवटच्या दिवशी जीव टांगणीला लागलेला असताना चुकीचा शब्द फार खुपतो.

जुनी पाटी

'गच्छंती' आधी बाजूला काढा. मूळ संस्कृत क्रियापद, अर्थ 'जातात'. मराठीत आपण ते माणसासाठी राखलं आहे, तेही पदावरून जाणाऱ्या माणसासाठी. मंत्र्याची गच्छंती, प्रशिक्षकाची गच्छंती. लीड्सचा २०२२-२३ चा मोसम आठवा. फेब्रुवारीत प्रशिक्षक जेसी मार्श गेले, मग हावी ग्रासिया आले आणि मेमध्ये तेही गेले, शेवटच्या ४ सामन्यांसाठी सॅम अलरडाइस आले. गच्छंती झाली ती प्रशिक्षकांची. संघाचं जे झालं त्याला वेगळा शब्द हवा, नाहीतर एकाच बातमीत दोन्हीकडे 'गच्छंती' येते आणि कोण गेलं हेच कळत नाही.

'पदावनती' हा कचेरीतला शब्द आहे. तिथे वरिष्ठ आदेश काढतात आणि माणूस खालच्या पदावर जातो, म्हणजे ती शिक्षा आहे. २०२३ मध्ये लेस्टरला कोणी आदेश काढून खाली पाठवलं नव्हतं. ३८ सामन्यांत ३४ गुण झाले, एव्हर्टनचे ३६ झाले. विषय तिथे संपला. गुणतक्ता कोणावर खटला चालवत नाही.

तिसरा गोलरक्षक

पाटीकाका, पटलं. पण 'पदावनती' सरसकट टाकून देऊ नका, तिची जागा आहे. २००६ मध्ये इटलीत युव्हेन्टस मैदानावर पहिला आला होता. पंचांच्या नेमणुकांचं प्रकरण बाहेर आलं, विजेतेपद काढून घेतलं गेलं आणि संघाला आदेशाने दुसऱ्या श्रेणीत पाठवण्यात आलं. तिथे सुरुवातही वजा गुणांनी करावी लागली. ही खरी पदावनती. त्याआधी १९८० मध्ये पैजांच्या घोटाळ्यात एसी मिलान आणि लात्सिओ यांच्यावरही हीच वेळ आली होती.

म्हणजे मराठीत ज्याला आपण 'उतरणे' आणि 'उतरवणे' म्हणतो तोच भेद. जिन्यावरून स्वतः उतरणं वेगळं आणि कोणी हाताला धरून उतरवणं वेगळं. लेस्टर उतरला, युव्हेन्टसला उतरवलं. आपल्या भाषेत प्रयोजक क्रियापद इतकं सहज होत असताना दोन्हींना एकच जड नाम कशाला?

काठावरचा निळा

हे फार उपयोगी आहे, कारण आमच्याकडे २०२३-२४ मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. आर्थिक नियम मोडल्याबद्दल नोव्हेंबरात १० गुण कापले गेले, अपिलात ती शिक्षा ६ वर आली, आणि एप्रिलमध्ये आणखी २ गेले. त्या मोसमात आम्ही दोन वेगवेगळ्या गोष्टींना घाबरत होतो. एक आपला खेळ आणि दुसरी समिती. त्या वर्षी 'आपण खाली जाणार का?' आणि 'आपल्याला खाली पाठवणार का?' हे खरोखरच दोन प्रश्न होते. शेवटी ४० गुणांवर १५ वे आलो. 'गुणकपात' हा शब्द मात्र मला चांगला वाटतो. पगारातली कपात माहीत असलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

हॅम्बुर्गकर

जर्मनीत राहतो म्हणून एक भर घालतो. इथे खाली जाण्याला 'अबश्टीग' म्हणतात, म्हणजे शब्दशः उतरण. 'रेलेगात्सिओन' हा शब्दही आहे, पण त्याचा अर्थ वेगळा. पहिल्या श्रेणीतला १६ वा आणि दुसऱ्या श्रेणीतला ३ रा यांच्यात जे दोन निर्णायक सामने होतात, ती ही 'रेलेगात्सिओन'. तळाचे दोन संघ थेट उतरतात. त्यामुळे इथल्या मराठी मित्रांत 'रेलिगेशन' म्हटलं की घोटाळा होतो. भारतातून आलेला माणूस 'हॅम्बुर्ग रेलिगेशनमध्ये आहे' ऐकून हळहळतो, आणि इथला माणूस म्हणतो, अजून दोन सामने हातात आहेत.

एचएसव्ही, म्हणजे आमचा हॅम्बुर्गचा संघ, २०१४ आणि २०१५ मध्ये त्या दोन सामन्यांतूनच तरला. मैदानात एक घड्याळ होतं, १९६३ साली बुंडेसलिगा, म्हणजे इथली पहिली श्रेणी, सुरू झाल्यापासून संघ किती काळ पहिल्या श्रेणीत आहे ते दाखवणारं. १२ मे २०१८ ला संघ पहिल्यांदा उतरला. परत यायला २०२५ उजाडलं. त्या काळात आम्ही मराठीत एकमेकांना काय म्हणायचो ते सांगतो: 'यंदाही वर येणं हुकलं.' 'पदोन्नती हुकली' असं कोणीही, एकदाही म्हटलेलं मला आठवत नाही.

पेठेतला

कोल्हापूरची भाषा सांगतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने बघत वाढलेल्या माणसाला हा प्रश्नच पडत नाही. संघ वरच्या गटात असतो नाहीतर खालच्या गटात. 'खाली गेला' म्हटलं की सगळी पेठ समजते, आणि त्या दिवशी त्या पेठेत कोणी जास्त बोलत नाही.

सुराचं म्हणाल तर आमच्याकडे संघाचा सूर नसतो, संघाची 'घडी' असते. घडी बसली, घडी विस्कटली. बचावफळी आणि मधली फळी यांच्यात अंतर पडलं, पास तिसऱ्याच माणसाला जायला लागला, की म्हणायचं घडी विस्कटली. सूर एकट्या पुढच्या खेळाडूचा हरवू शकतो. त्याचा फटका दांडीवरून जात असतो. पण अकरा जण हरवतात तेव्हा ती घडीच असते.

जुनी पाटी

'घडी' छान आहे. मी लगेच उचलतो. 'लय'सुद्धा चालेल, पण लय म्हणजे मला एका सामन्यातला वेग वाटतो. 'पहिल्या २० मिनिटांत लय सापडली' हे बरोबर, 'डिसेंबरपासून लय नाही' हे थोडं ओढून आणल्यासारखं. 'फॉर्म' हा शब्द आता मराठीच आहे, तो ठेवायला कोणाची हरकत नसावी. मात्र 'खराब फॉर्म' लिहून थांबू नये, नेमकं काय बिघडलंय ते लिहावं. गोल होत नाहीत, की होत आहेत पण तेवढेच खाल्लेही जात आहेत? 'गोल खाणे' हा आपला अस्सल प्रयोग आहे, तो छापायला का लाजायचं?

डावी बगल

मला शब्दापेक्षा सर्वनामाबद्दल बोलायचंय. बुडत्या संघाचे समर्थक ऐका. जिंकल्यावर: 'आज आपण जिंकलो.' हरल्यावर: 'हे लोक परत हरले.' तळाला गेल्यावर: 'यांना खेळायचंच नाही.' आणि मग शेवटच्या आठवड्यात, गणित जमतंय असं दिसलं की पुन्हा 'आपण'. 'आपण जिंकायचं आणि त्यांनी हरायचं.' संघाची घडी बसली की नाही हे मी गुणतक्त्यापेक्षा या सर्वनामावरून ओळखते.

'आपण' आणि 'आम्ही' हा फरक तर इंग्रजीत करताच येत नाही. स्वतःच्या माणसांत 'आपण वाचलो', प्रतिस्पर्ध्याच्या समर्थकाला 'आम्ही वाचलो'. निळेदादा, तुम्ही वर १५ वे 'आलो' असं लिहिलंत, 'आले' नाही. लिहिताना ते तसंच ठेवा, तटस्थ करायला जाऊ नका.

काठावरचा निळा

ठेवतो, ताई. 'वाचलो' हा शब्द आमच्या संघासाठी किती भरलेला आहे ते सांगायला हवं. १९५४ पासून एव्हर्टन सलग पहिल्या श्रेणीत आहे, पण अनेकदा अगदी काठावर. १९९४ मध्ये शेवटच्या दिवशी विम्बल्डनविरुद्ध ०-२ ने मागे पडून ३-२ जिंकलो. १९९८ मध्ये कॉव्हेंट्रीशी १-१ बरोबरी झाली, बोल्टनचे गुण तेवढेच होते, गोलफरकाने तरलो. मे २०२२ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मध्यंतराला पुन्हा ०-२, आणि ८५ व्या मिनिटाला कॅल्व्हर्ट-लुइनने डोक्याने तिसरा गोल केला. पुढच्या वर्षी २८ मे ला बोर्नमथविरुद्ध १-०, डुकुरेचा गोल. त्याच वेळी लेस्टर आपला सामना २-१ जिंकत होता आणि तरीही खाली गेला.

यासाठी मी 'काठावर पास' हा आपला शाळेतला प्रयोग वापरतो. १७ व्या जागेवरचा संघ 'काठावर', १८ वा 'रेषेखाली'. आणि शेवटच्या दिवशी दुसऱ्याच्या निकालाकडे कान लावून बसणाऱ्यांसाठी 'देव पाण्यात घालून बसलेत' यापेक्षा बरोबर काही नाही.

तिसरा गोलरक्षक

काठावर या शब्दात एक धोका आहे. तो वाचलेल्याला लागतो तसा पडलेल्यालाही लागतो. 'काठावर राहिला' आणि 'काठावरून गेला', क्रियापद नीट लावा. २०१५ चा लेस्टर काठावरही नव्हता. एप्रिलच्या सुरुवातीला तळाला, सुरक्षित जागेपासून ७ गुण दूर. शेवटच्या ९ सामन्यांपैकी ७ जिंकून १४ वा आला आणि पुढच्या वर्षी विजेता. त्याला 'वाचला' म्हणणं अपुरं आहे, तो 'वर आला' होता, श्रेणी न बदलता.

कूपरेज पूर्व

इतका वेळ नुसतं वाचत होतो. माझा संघ मुंबई एफसी. तुम्ही सगळे 'खाली जाणे' म्हणताय तेव्हा परत वर येण्याची वाट गृहीत धरताय. इंग्लंडमध्ये ती आहे. खालच्या श्रेणीतही भरलेली मैदानं आहेत, पैसा आहे. आपल्याकडे ती वाट कुठे होती?

२०१६-१७ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे आपल्या राष्ट्रीय लीगमध्ये, आम्ही शेवटचे आलो. नियमाप्रमाणे दुसऱ्या श्रेणीत जायचं होतं. क्लबने गाशाच गुंडाळला. आता सांगा, त्याला उतरण म्हणू? पायरी उतरायला खाली दुसरी पायरी लागते. आम्हाला 'खाली जाणार' ऐकलं की 'बंद पडणार' ऐकू यायचं, आणि तेच झालं.

त्याच मोसमाची दुसरी बाजूही लिहून ठेवतो. आयझॉल एफसी आदल्या वर्षी रेषेखाली गेला होता. पण गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं आणि आयझॉलला परत घेतलं गेलं. प्रशिक्षक म्हणून तिथे गेले खालिद जमील, ज्यांनी आमच्याकडे वर्षानुवर्षं कमी पैशांत संघ टिकवला होता. ३७ गुणांनी आयझॉल विजेता झाला, मोहन बागान ३६ वर राहिला. एकाच तक्त्यात आमचे जुने प्रशिक्षक सर्वांत वर आणि आमचा क्लब सर्वांत खाली. आजही तो तक्ता मला शांतपणे वाचता येत नाही.

मांडवीकाठ

कूपरेजदादा, गोव्यातून तुमच्याशी सहमत. धेंपो पाच वेळा देशाचा विजेता. २०१४-१५ मध्ये खाली गेला. पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून हक्काने वर आला, आणि तरीही वरच्या लीगमध्ये खेळला नाही, कारण लीगची रचनाच बदलायला निघाली होती आणि गोव्याच्या क्लबांना त्यात आपली जागा दिसत नव्हती. तेव्हा मराठीत आम्ही म्हणायचो, 'धेंपो बाहेर पडला.' 'खाली गेला' आणि 'बाहेर पडला' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात मैदानावरचा पराभव आहे, दुसऱ्यात निर्णय. वर्तमानपत्रं दोन्हींना 'अवनती' म्हणून मोकळी झाली तर वीस वर्षांनी वाचणाऱ्याला गोव्यात नेमकं काय घडलं ते कळणार नाही.

जुनी पाटी

मग निळेराव, तुमच्या लिखाणापुरतं असं करा. मैदानावर गुण कमी पडले तर 'खाली गेला' किंवा 'उतरला'. समितीने पाठवलं तर 'पदावनती' किंवा 'खाली पाठवला'. स्वतः सोडलं तर 'बाहेर पडला'. दारं लावली तर 'बंद पडला'. नाम हवंच असेल तर 'श्रेणी-उतरण' चालवून बघा, बातमीच्या मथळ्यात मावतं. 'हकालपट्टी' मात्र कुठेच नको. त्यात अपमान आहे, आणि ३८ सामने खेळून कमी पडलेल्या संघाचा अपमान करायचा अधिकार मथळा लिहिणाऱ्याला नाही.

पेठेतला

आणि वर येण्याला 'बढती' नको. बढती साहेब देतात. वरच्या गटात संघ चढतो.

काठावरचा निळा

'चढला' आणि 'उतरला'. दोन्ही घेतले. शनिवारच्या लेखात वापरतो. 'श्रेणी-उतरण' मथळ्यात टाकून बघेन, मंडळी काय म्हणतात ते इथे कळवतो.