मदत हवी आहे : माती रिपोर्टमध्ये तांबं-जस्त 'जास्त', खत बंद करू का?

शिवार_दिंडोरी : भाजी घेणाऱ्या कंपनीनं माती तपासून मागितली. रिपोर्टमध्ये तांबं १४, जस्त ९, दोन्हींपुढे 'जास्त' लिहिलंय. गावात म्हणतात खतातून जड धातू आले, आता माल परत येणार. दरवर्षी कोंबडखत टाकतो, अलीकडे शहर कंपोस्टही. सगळं सेंद्रियच आहे! यावर औषध काय? लवकर सांगा, सोमवारी रोटर मारायचाय.

मातीपरीक्षक : १४ म्हणजे पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम) का? डीटीपीएनं (पिकाला मिळणारा भागच मोजायचं रसायन) काढलेलं की एकूण? सामू (पीएच) किती? पीक कोणतं? शिसं, कॅडमियम तपासलं का?

गोधन_शेती : कोंबडखत हवंच कशाला? एकरी २०० लिटर जीवामृत (शेण-गोमूत्राचं) पाण्यातून सोडा. जिवाणू सगळं विष पचवतात.

मातीपरीक्षक : दादा, फवारणीच्या औषधाचे अंश जिवाणू मोडू शकतात, धातू नाही. खत कुजताना कर्ब हवेत जातो, ढीग बसतो, धातू मात्र तेवढाच उरतो. म्हणून किलोमागे उलट वाढतो. गांडूळखतातही तेच.

गोधन_शेती : माझ्या रानात ढेकूळ फोडलं की गांडुळं दिसतात. लॅबवाल्यांना अनुभव नसतो.

शिवार_दिंडोरी : भांडू नका राव. पीक मेथी-कोथिंबीर. रिपोर्टवर डीटीपीए लिहिलंय, सामू ७.९. शिसं-बिसं नाही त्यात. औषध सांगा.

बागाईतदार : दिंडोरी म्हणताय, म्हणजे नाशिकचा द्राक्षपट्टा, तर आधी त्या रानात द्राक्षबाग होती का?

शिवार_दिंडोरी : होती की, जुनी. काढून भाजी लावली. त्याचा काय संबंध?

बागाईतदार : सगळा संबंध तिथंच आहे. मोरचुदात चौथा हिस्सा तांबं असतं, किलोला पाव किलो. बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारण्या वर्षानुवर्षं झाल्या, तांबं वरच्या वितीत बसलं. मॅन्कोझेब या बुरशीनाशकात जस्तही असतं. सगळा दोष खताला देऊ नका.

नवा_शेतकरी : टोमॅटोवर करपा आलाय. बोर्डो किती टक्के घेऊ?

बागाईतदार : वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

मातीपरीक्षक : बाग होती, मग १४ चा उलगडा झाला. डीटीपीएला ०.२ च्या खाली तांबं कमी धरतात, ०.६ च्या खाली जस्त. तुमचं भरपूर आहे, पण कोंबड्यांच्या खाद्यात दोन्ही घालतात, म्हणून कोंबडखतानं त्यात भरच पडते. ते या हंगामात थांबवा. खरी काळजी मला शहर कंपोस्टची वाटते. ओल्या कचऱ्यात बॅटऱ्या, रंगाचे डबे गेले की शिसं-कॅडमियम येतं. खत नियंत्रण आदेशात शहर कंपोस्टला किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ पर्यंत चालतं. एकरी १० टन टाकलं आणि ते अगदी मर्यादेवर असलं, तर एका खेपेत १ किलो शिसं आणि ५० ग्रॅम कॅडमियम रानात. एकरातली वरची १५ सेंमी माती ९ लाख किलो धरा, म्हणजे शिसं १.१ पीपीएमनं वाढलं. आकडा बारीक दिसतो, पण जे येतं ते सहजी निघत नाही. आणि पालेभाजी कॅडमियम लवकर ओढते.

चुनखडी : सामू ७.९ आहे, एकरी गंधक टाका, जमीन सुधारेल.

मातीपरीक्षक : कृपया टाकू नका! सामू उतरला की धातू मोकळे होऊन पिकात जातात. इथे चुनखडीची काळी जमीनच तुमची राखण करतेय.

चुनखडी : आमच्याकडे गंधकानं ऊस सुधारला.

मातीपरीक्षक : ऊस वेगळा, मेथी वेगळी.

शिवार_दिंडोरी : मग करू काय? कंपनीला काय सांगू?

मातीपरीक्षक : कंपनीला विचारा, माती हवी की पानं. पालेभाजीला कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकं) मर्यादा ताज्या वजनावर शिसं ०.३, कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम किलोमागे. ते पानातच मोजतात. पानं, माती आणि उरलेलं कंपोस्ट, तिन्हींची एकूण शिसं-कॅडमियमची तपासणी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबमध्ये करा. माती लाकडी खुरप्यानं काढा, प्लॅस्टिकच्या घमेल्यात मिसळा. जस्ताच्या पत्र्याच्या घमेल्यात मिसळली तर जस्त फुकट वाढून येतं.

शिवार_दिंडोरी : फोन लावला. पानंच हवीत म्हणाले. कंपोस्टच्या दोन पिशव्या गोठ्यात आहेत. रोटर थांबवू?

बागाईतदार : नमुना आधी काढा, मग खुशाल मारा.

गोधन_शेती : जीवामृतही टाकून बघा.