मज्जारज्जू, चेता की नुसती शीर?

प्रश्न

आत्याच्या कंबरेचा एमआरआय झाला. रिपोर्ट मराठीत समजावताना मी ऐटीत म्हणालो, "मज्जारज्जूवर दाब आलाय." ती घाबरलीच. "मज्जा म्हणजे हाडातला मगज ना रे? हाड किडलंय की काय माझं?" मला उत्तर सुचेना. अस्थिमज्जेतली मज्जा आणि मज्जारज्जूतली मज्जा एकच का? शाळेत तर 'चेतासंस्था' शिकलो होतो. कुठे काय म्हणायचं?

प्रतिसाद

शब्द एक, वस्तू दोन. संस्कृतात मज्जा म्हणजे हाडातला मगज, सप्तधातूंपैकी एक. कण्याच्या पोकळीतही मऊ गर सापडतो, त्याला मगजाचंच नाव चिकटलं. लॅटिनमध्येही तेच झालंय: 'मेडुला' म्हणजे मगज आणि मज्जारज्जू म्हणजे 'मेडुला स्पायनॅलिस'. ग्रीक 'मायलॉस'सुद्धा मगजच, त्यावरून 'मायलिन', म्हणजे चेतापेशीच्या धाग्यावरचं आवरण. तेव्हा आत्यांचा गैरसमज चांगला खानदानी आहे! हाडातली मज्जा रक्तपेशी तयार करते, कण्यातली संदेश नेते-आणते. नात्यागोत्याचा संबंध नाही. मी 'मेरुरज्जू' म्हणतो, म्हणजे कटकट नको.

खरी गंमत 'स्नायू'ची आहे. मराठीत स्नायू म्हणजे मसल. हिंदी-बंगालीत तोच शब्द नर्व्हसाठी. सुश्रुतसंहितेत ९०० स्नायू सांगितलेत, ते सांधे आवळून धरणारे चिवट बंध. ग्रीक 'न्यूरॉन'चा मूळ अर्थही कंडरा, धनुष्याची दोरी असाच. १८९१ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी तो शब्द एका पेशीला दिला, तोवर त्या दोरीचा पुष्कळ प्रवास झाला होता. हिंदीतलं काही वाचताना 'स्नायुतंत्र' दिसलं तर व्यायामशाळेकडे वळू नका.

आता नेमकेपणा. चेतापेशी ही एक पेशी. अक्षतंतू हा तिचा लांब धागा. चेता म्हणजे अशा असंख्य धाग्यांची जुडी. 'मज्जातंतू' आपण धाग्यालाही म्हणतो आणि जुडीलाही, घोटाळा तिथे होतो. संस्थेची ढोबळ वाटणी अशी: मेंदू आणि मेरुरज्जू ही मध्यवर्ती चेतासंस्था, मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या परिघीय. हृदय, आतडी वगैरे आपल्याला न विचारता चालवणारी ती स्वायत्त. तिच्या एका भागाला 'अनुकंपी' म्हणतात. संकट दिसताच छाती धडधडवायची आणि पचन लांबणीवर टाकायचं हे त्याचं काम. यात कसली आलीय अनुकंपा! 'सिम्पथेटिक'चं शब्दशः भाषांतर, दुसरं काही नाही.

आणखी एक शंका

'नर्व्ह इम्पल्स'ला, म्हणजे चेतेतून जाणाऱ्या संदेशाला, 'आवेग' हा शब्द बरोबर आहे का? आणि चेतातंतूतून "करंट जातो" म्हणतात ते?

प्रतिसाद

'आवेग' मला खटकतो. रागाचा आवेग कमी-जास्त होतो, चेतापेशीतला होत नाही. उंबरठा ओलांडला तर पूर्ण, नाही तर नाहीच. चिमटा जोरात काढला म्हणून एकेक आवेग मोठा होत नाही. आवेगांची संख्या वाढते, जास्त तंतू कामाला लागतात. पण पुस्तकांत रुळलाय, आता कोण हलवणार?

करंट म्हणा, पण डोळ्यांसमोर तांब्याची तार आणू नका. शांत असताना पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. इशारा आला की पटलातली दारं उघडतात, सोडियमचे आयन आत घुसतात आणि तेवढी जागा क्षणभर धन होते. त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची. मागे पोटॅशियम बाहेर पडून घडी पुन्हा बसते. एका जागेवरचा हा खेळ साधारण एक मिलिसेकंदाचा. मायलिन असलेल्या तंतूत आवेग आवरणामधल्या उघड्या जागांवरून उड्या मारत जातो. जाड तंतूत वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत, उघड्या बारीक तंतूत जेमतेम एक-दोन मीटर. पायाचं बोट ठेचलं की आधी "लागलं" कळतं आणि ठणका मागून येतो, तो याच फरकामुळे. तंतू संपला की बहुतेक ठिकाणी पुढे फट असते, सुमारे २० नॅनोमीटरची. तिथे वीज थांबते आणि रसायन सुटतं. या जागेला 'संपर्कस्थान' म्हणतात. संपर्क नसलेलं संपर्कस्थान!

बाकी, आत्यांच्या रिपोर्टात मणका कुठला लिहिलाय?

मूळ प्रश्नकर्ता

एल-४ आणि एल-५, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलीय. डाव्या पायाचा अंगठा बधिर. आत्या म्हणते, शीर दबलीय.

प्रतिसाद

मग तुम्ही चुकलात, आत्या बरोबर आहेत. मोठ्या माणसाचा मेरुरज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. खाली उरतो तो नुसता चेतामुळांचा झुबका. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ घोड्याचं शेपूट. एल-४–एल-५ ला दबायला मेरुरज्जू नसतोच, दबतं ते मूळ. म्हणजे शीरच. सुई टोचायलाही शीरच शोधतात, ती रक्ताची. शब्द एक असला तरी 'दबली' म्हटल्यावर कुणाचा गैरसमज होत नाही.

दुखणं कंबरेत आणि बधिरपणा अंगठ्यात का, असं त्यांनी विचारलं तर कोपराची आठवण करून द्या. कोपर आपटलं की झिणझिण्या करंगळीत येतात, कारण तिथून जाणाऱ्या चेतेचं दुसरं टोक तिथे आहे. धागा मध्ये कुठेही छेडला तरी मेंदू खबर टोकाच्या नावावर मांडतो. एल-४–एल-५ ला बहुधा दबणाऱ्या, कंबरेतल्या पाचव्या मुळाचं टोक पायाच्या अंगठ्याकडे जातं.